ज्वारीतला गोठा

गोठ्यासाठी घरी नाचणी पेरायची.
डिसेंबर लागला की बशीत माती, वर मूठभर दाणे,
आणि आई बोटांनी पाणी शिंपडायची
झावळ्यांच्या रविवारी फादर शिंपडतात तशी,
तितक्याच गंभीर चेहऱ्याने.

इथे बाळीवेशीतल्या दुकानदाराने विचारलं,
"नाचणी? कुणाला शुगर हाय का घरात?"
घरात कुणी नव्हतंच.
त्याने पुडीत ज्वारी बांधली.
"मालदांडी हाय शिष्टर. कुठंबी उगवती."

सिव्हिलमधून बाद झालेल्या किडनी ट्रेमध्ये मी ती पेरली,
कडेला पोचा आलेला ट्रे, खिडकीखाली ठेवला.
खिडकीपलीकडे बोद्दूलांचे चार माग.
रात्रपाळी नसली की आडवं पडून ऐकायचं
खटाक-खट, खटाक-खट,
आणि स्वतःला सांगायचं, भरती आहे.
वसईला आमच्या घरापासून समुद्र
चालत अकरा मिनिटं.
इथे कुठल्याही दिशेला अकरा मिनिटं चाललं
तरी ऊनच लागतं. डिसेंबरातसुद्धा.

रजा मिळाली नाही.
चोवीसच्या रात्री जळीत वॉर्डात बारा वाजता
एका म्हातारीचं ड्रेसिंग बदलत होते,
तेव्हा आईने फोन कढईपाशी धरला.
फुगे तळल्याचा आवाज.
मी म्हणाले, आवाज तुटतोय गं.
तुटत नव्हता.

सकाळी येऊन पाहते तर ज्वारी मेंढपाळांच्या डोक्यावरून गेलेली.
तीन राजे पार हरवले,
योसेफाची नुसती काठी दिसत होती.
घरमालकीण नीलव्वा हत्तुरे जिना चढून आल्या,
गुडघे धरून वाकल्या, पाती बाजूला सारली:
"अगंबाई, रानात बाळंत झाली काय ही?"
मी म्हटलं, हो.
"आणि सोबतीला कोण बाईमाणूस?"
कुणी नाही.
त्या खाली गेल्या. चादरीचा कातरलेला तुकडा घेऊन आल्या,
त्यावर मोराची अर्धी शेपटी,
आणि बाळाच्या अंगावर घातला.
"थंडी हाय, सबीनव्वा. तुमच्या पुस्तकात लिवलं नसंल."

सहा जानेवारीला गोठा आवरायचा असतो.
"गड्डा होऊ दे," नीलव्वा म्हणाल्या,
"जत्रंच्या तोंडावर लेकरू हलवू नये."

भोगीला त्यांनी मला अक्षतांना नेलं.
पांढऱ्या बाराबंद्यांचा सागर, (सागर म्हटलं मी, सवयीने)
त्यातून सात नंदीध्वज डुलत आले.
गर्दीत त्या कानाशी सांगत होत्या:
कुंभाराच्या पोरीला सिद्धरामाशीच लग्न करायचं होतं.
तो म्हणाला, मी योगी, माझ्या काठीशी कर.
"काठीशी?"
"काठीशी. केलं की तिनं."

आमच्या देवळात डाव्या वेदीवर योसेफ उभा असतो,
त्याच्या काठीला फुलं आलेली.
लहानपणी मी आईला विचारलं होतं,
ही काठी लावली तर जगेल का?
हे नीलव्वांना सांगणार होते.
पण माझ्या मुठीत तांदूळ होते आणि मूठ घामेजली होती,
आणि टाकायचे की नाही ते ठरत नव्हतं.
सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम.
सगळ्यांचे हात वर गेले.
माझी मूठ मी उघडली की ती उघडली गेली,
हे कन्फेशनमध्ये कसं सांगायचं
अजून सुचलेलं नाही.

त्या रात्री माग बंद. सणाचे तीन दिवस बंदच.
इतकी शांतता, की झोप येईना.
कूस बदलली, पुन्हा बदलली,
उठून आईला फोन लावायला घेतला, तर दीड वाजलेला.
वेणी सोडली तेव्हा दोन तांदूळ
ट्रेमध्ये पडले, पिवळ्या पडत चाललेल्या पात्यांत.

सडलेला तांदूळ उगवत नाही.
भातशेतीच्या घरची आहे मी, मला नको सांगायला.
फुलपात्रात बोटं बुडवली
आणि पाणी शिंपडलं.